फाइल वाटायची तर पत्ता कशाला?

कोणताही टोरंट क्लायंट, म्हणजे लोकांकडून लोकांकडे थेट फाइल वाटणारं सॉफ्टवेअर, उघडा, चालू असलेल्या फाइलवर टिचकी मारा आणि खालचा ‘पीअर्स’ हा टॅब पाहा. एकेक ओळ म्हणजे एकेक माणूस, निदान एकेक जोडणी. आयपी पत्ता (इंटरनेटवर जोडणी ओळखायचा आकडा), पोर्ट क्रमांक (त्या पत्त्यावरचं दार), सॉफ्टवेअर कोणतं आणि त्याची कितवी आवृत्ती, फाइल किती टक्के उतरली, वेग किती, शेजारी देशाचा झेंडा. घोडबंदर रोडवरच्या सदनिकेत बसून लिनक्सची प्रत उतरवणाऱ्याला ही यादी दिसते, तशीच त्याची स्वतःची ओळ ब्राझीलमध्ये, पोलंडमध्ये आणि कदाचित शेजारच्या विंगमध्येही कुणाच्या तरी पडद्यावर दिसत असते. ही यादी मिळवायला पोलिसांचं पत्र लागत नाही, हॅकिंग येत असावं लागत नाही. फाइल उतरवायचीसुद्धा गरज नसते.

रचनाच तशी आहे. ब्रॅम कोहेनने २००१ मध्ये बिटटोरंट आणलं तेव्हा त्याच्यापुढचा प्रश्न वेगाचा होता: एकाच सर्व्हरवर भार न टाकता मोठी फाइल हजारोंपर्यंत कशी न्यायची. ज्याच्याकडे जो तुकडा आहे त्याने तो पुढे द्यावा, हे उत्तर आजही देखणं वाटतं. पण तुकडा द्यायचा तर घेणाऱ्याचा पत्ता हवा, म्हणून ट्रॅकर नावाचा मध्यस्थ विचारणाऱ्याला साधारण ५० पत्ते एकदम हातात ठेवतो. ट्रॅकर नसेल तिथे ‘डीएचटी’ ही विखुरलेली नोंदवही असते. तिची एकेक पानं लाखो क्लायंट मिळून सांभाळतात. फाइलची ओळख म्हणजे १६० बिटांचा एक आकडा, मॅग्नेट लिंकमध्ये, म्हणजे टोरंटच्या दुव्यात, दिसणारी ती ४० अक्षरं. तो आकडा ज्याला माहीत, त्याने विचारावं आणि पत्ते घ्यावेत. फ्रान्सच्या इन्रिया या संस्थेतल्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात, एका यंत्रावरून १०३ दिवसांत १४.८ कोटी आयपी पत्ते गोळा करून दाखवले होते.

बरं, उघडी आहे म्हणून ही यादी खरी तरी असावी! वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये ट्रॅकरला मुद्दाम भलतेच पत्ते कळवले. परिणामी विद्यापीठातल्या काही प्रिंटरांना आणि एका वायरलेस अ‍ॅक्सेस पॉइंटला कॉपीराइटभंगाच्या तक्रारी आल्या. प्रिंटरने कोणता सिनेमा पाहिला, हे विचारायची तसदी तक्रार करणाऱ्यांनी घेतली नव्हती.

म्हणजे नाव उघडं पाडणारी आणि तरीही भरवसा ठेवता न येणारी अशी ही व्यवस्था आहे. फाइल वाटपाच्या जाळ्यात निनावीपण हे मुळातल्या रचनेतच असलं पाहिजे. ज्याला परवडेल त्याने ते महिन्याच्या वर्गणीवर विकत घ्यावं, ही तऱ्हा चुकीची आहे. आणि कायद्याने सरसकट सगळ्यांच्या नोंदी साठवून ठेवायला लावणं त्याहून चुकीचं आहे.

ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभं आहे. कुणी कोणतं पुस्तक नेलं याची नोंद कुठल्याही वाचनालयात असते, कारण पुस्तक परत यायला हवं. पण ती नोंदवही कुणी गोखले रोडवरच्या फलकावर टांगत नाही. टोरंटमध्ये नेमकं तेच घडतं. त्यात पुस्तक परत येण्याचा प्रश्नही नाही, कारण प्रत गेली तरी मूळ जागेवरच असते.

टोरंट म्हणजे चोरटा सिनेमा, हे समीकरण लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय आणि त्याला कारणही आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. निनावी राहून केलेला भंगही भंगच. पण याच जाळ्यावरून लिनक्स आणि लिबरऑफिस वाटले जातात, इंटरनेट आर्काइव्ह आपल्या संग्रहाची टोरंट देतं. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं मोजून हक्क संपतो. म्हणजे १९६४ पर्यंत गेलेल्या मराठी लेखकांनी हयातीत छापलेलं सारं आज मोकळं आहे, आणि त्याचे शंभर-दोनशे एमबीचे स्कॅन वाटायला याहून स्वस्त मार्ग नाही.

मग कायदेशीर फाइल घेणाऱ्याने लपावं कशाला, असा प्रश्न हमखास येतो. उत्तरासाठी फाइलींची नावं वाचावीत. एचआयव्हीवरची माहितीपुस्तिका. घटस्फोटाच्या कायद्यावरचं पुस्तक. ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये नोकरी करणाऱ्याने उतरवलेली कामगार संघटना बांधण्याची मार्गदर्शिका. किसननगरच्या क्लस्टर (समूह पुनर्विकास) योजनेची, माहितीच्या अधिकारात मिळालेली कागदपत्रं. यातलं काहीही बेकायदा नाही, आणि यातलं काहीही नवऱ्याला, साहेबाला किंवा बिल्डरला दिसावं असं नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच, मुंबई बंदबद्दल फेसबुकवर दोन ओळी लिहिणाऱ्या मुलीला आणि त्या ‘लाइक’ करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला अटक झाली होती. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराबद्दलचं कलम ६६अ रद्द व्हायला मार्च २०१५ उजाडला. आज निरुपद्रवी वाटणारी गोष्ट उद्या कुणाला खुपेल, हे आधी सांगता येत नाही.

आता पत्त्याकडून माणसाकडे जाणाऱ्या वाटेबद्दल. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगात मिळून ४३० कोटींच्या आत आहेत, त्यामुळे इंटरनेट कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच जाहीर पत्त्यामागे बसवतात. आपण त्यातले आहोत का हे पाहायला राउटरच्या ‘स्टेटस’ पानावर जाऊन ‘वॅन आयपी’ वाचावा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होत असेल तर आपण गर्दीत आहोत. खारघरच्या टॉवरमधली साठ घरं बाहेरून एकच पत्ता घेऊन फिरत असू शकतात. वेगळा असतो तो फक्त पोर्ट क्रमांक, आणि तोही सतत बदलत राहतो. म्हणून एखाद्या जोडणीमागचं घर शोधायचं तर पत्ता, पोर्ट आणि सेकंदापर्यंतची वेळ असं तिन्ही लागतं. तपासाच्या पत्रात पोर्ट नसेल तर उत्तर म्हणून एक नाव येऊच शकत नाही. आलं, तर कुणीतरी अंदाज केलाय असं समजावं.

वेळेतही घोळ होतो. सर्व्हरच्या नोंदी बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत असतात आणि आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे. तिथल्या नोंदीत रात्रीचे साडेआठ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशीची पहाटेची दोनची वेळ, तारीखच बदलते. हे कागदावरचं भय नाही. २००७ मध्ये ऑर्कुट या समाजमाध्यमावर शिवाजी महाराजांविषयी टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराच्या तपासात पुणे पोलिसांनी बेंगळुरूच्या एका संगणक अभियंत्याला उचललं आणि तो ५० दिवस आत राहिला. इंटरनेट कंपनीने त्या पत्त्यामागचा म्हणून दिलेला तपशील भलत्याच ग्राहकाचा होता.

नव्या आयपीव्ही६ मध्ये ही अपघाती गर्दीही उरत नाही. पत्ते अमाप, त्यामुळे प्रत्येक घराला स्वतंत्र गट मिळतो आणि घरातल्या प्रत्येक फोनला आपला पत्ता. फोन आणि लॅपटॉप पत्त्याचा शेवटचा अर्धा भाग वरचेवर बदलतात, त्याला ‘प्रायव्हसी एक्स्टेन्शन’ म्हणतात. पहिला अर्धा भाग मात्र घराचाच राहतो. दारावरची पाटी तशीच ठेवून घंटेचं बटण बदलल्यासारखं हे आहे.

बहुतेकांचं उत्तर व्हीपीएन, म्हणजे तुमची वाहतूक आधी आपल्या सर्व्हरवर नेऊन तिथून पुढे सोडणारी सेवा. त्याची खरी किंमत समजून घ्यायला हवी: व्हीपीएन ओळख पुसत नाही, ती तुमच्या केबलवाल्याकडून उचलून दुसऱ्या कंपनीच्या हाती देतो. आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकाचं नाव, पत्ता, फोन, दिलेले आयपी, एवढंच काय सेवा कशासाठी घेतली हे कारणसुद्धा पाच वर्षं जपून ठेवायचं आहे. ग्राहक सोडून गेल्यावरही. यावर एक्सप्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन, सर्फशार्क यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. डेटा सेंटरांची रांग ऐरोली-महापे पट्ट्यात, आणि घणसोलीच्या माणसाने खाजगीपणासाठी आपली डेटाची पाकिटं आधी सिंगापूरला पाठवायची! इंटरनेट कंपन्यांना तर डिसेंबर २०२१ पासून ग्राहकांच्या जोडण्यांच्या नोंदी एकाऐवजी दोन वर्षं ठेवाव्या लागतात.

व्हीपीएन वापरायचाच तर तो गळतो कुठून हे माहीत हवं. सगळ्यांत नेहमीची चूक: रात्री जोडणी तुटते, क्लायंट मुकाट्याने घरच्या साध्या मार्गाने काम चालू ठेवतो आणि सकाळपर्यंत खरा पत्ता ती फाइल वाटणाऱ्या सगळ्या झुंडीला दिसलेला असतो. क्यूबिटटोरंट या क्लायंटमध्ये ‘ऑप्शन्स’मधल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ भागात ‘नेटवर्क इंटरफेस’ अशी ओळ असते. तिथे ‘एनी’ सोडून व्हीपीएनचा इंटरफेस निवडावा. मग लिनक्सची एखादी मोठी फाइल चालू ठेवून व्हीपीएन हाताने बंद करावा. वेग शून्यावर यायला हवा. येत नसेल तर बांधणी झालेली नाही. दुसरी गळती आयपीव्ही६ ची: व्हीपीएन फक्त जुन्या पत्त्यांची वाहतूक नेतो आणि नवी सरळ बाहेर पडते. तिसरी घरातलीच, ‘लोकल पीअर डिस्कव्हरी’. हा पर्याय चालू असेल तर क्लायंट आपल्या जाळ्यावरच्या सगळ्यांना ओरडून सांगतो की माझ्याकडे अमुक फाइल चालू आहे. कोपरखैरण्यातल्या पीजीत आठ जणांचं एकच वायफाय असेल, तर ऐकणारे बाकीचे सातही जण. त्याच क्लायंटमध्ये ‘अनॉनिमस मोड’ नावाचा पर्यायही आहे आणि त्याचं नाव दिशाभूल करणारं आहे. तो सॉफ्टवेअरची ओळख झाकतो. आयपी पत्ता जसाच्या तसा दिसत राहतो.

टॉर, म्हणजे स्वयंसेवकांच्या यंत्रांवरून (रिलेंवरून) वळसे घेत पत्ता लपवणारं जाळं, वापरून टोरंट चालवणारे थोडे नाहीत. त्यांनी थांबावं. टॉर फक्त टीसीपी या पद्धतीची पाकिटं वाहतो. डीएचटी आणि अनेक ट्रॅकर यूडीपी या दुसऱ्या पद्धतीवर चालतात, त्यामुळे ती पाकिटं टॉरला वळसा घालून खऱ्या पत्त्यावरून निघू शकतात. काही क्लायंट ट्रॅकरला पाठवायच्या संदेशातच आपला खरा आयपी लिहितात, मग बाहेर तीन आवरणं चढवून उपयोग काय? त्यात टॉर एकाच मार्गावरून तुमचं बाकीचं ब्राउझिंगही नेतो, म्हणजे टोरंटमधून पत्ता फुटला की त्याच मार्गावरचं वाचनही त्या पत्त्याला चिकटतं. इन्रियाच्याच संशोधकांनी हे २०११ मध्ये दाखवून दिलं. शिवाय स्वयंसेवकांच्या रिलेंवर गिगाबाइटचे बोजे टाकणं हा ज्यांना टॉर खरोखर जगायला लागतो त्यांच्यावर अन्याय आहे.

रचनेतच निनावीपण आणणारी जाळी वेगळी. फ्रीनेट (आता त्याच नेटवर्कचं नाव हायफानेट) फाइलीचे ३२ केबीचे कुलूपबंद तुकडे करून अनोळखी लोकांच्या डिस्कवर ठेवतं. आपल्या डिस्कवर कुणाचं काय आहे हे आपल्यालाही वाचता येत नाही. कुणी मागितला नाही तर तुकडा हळूहळू विसरला जातो, त्यामुळे दुर्मिळ पुस्तकं जपायला ते कच्चं.

फाइल वाटपासाठी अधिक उपयोगी आहे २००३ पासून चालत आलेलं आयटूपी. इथे पीअरचा पत्ता आयपी नसतोच. एक लांबलचक सांकेतिक किल्ली असते. पाठवणारा आपल्या बाजूने तीन अनोळखी यंत्रांचा बोगदा बांधतो, घेणारा आपल्या बाजूने तीनचा. दोन्ही बोगदे एकेरी, आणि दर दहा मिनिटांनी मोडून नवे. मधल्या कुठल्याही यंत्राला फक्त आपला मागचा आणि पुढचा कळतो. मागचा हा मूळ पाठवणारा आहे की तोही वाटेवरचाच, हे त्याला सांगता येत नाही, कारण इथे जो तो वाटाड्याही असतो. माझ्या मते सगळं मर्म या शेवटच्या गोष्टीत आहे. निनावीपण एकट्याला मिळत नाही. दिवा स्थानकाच्या लोकलमध्ये सकाळी आठला कोण कुठे उतरला हे सांगता येत नाही आणि रात्री दीडला सहज सांगता येतं, तसंच हे.

किंमत आहेच. पाठवणारा, सहा मधली यंत्रं आणि घेणारा म्हणजे सात टप्पे, त्यामुळे १ जीबीची फाइल पोचवायला जाळ्यावर किमान ७ जीबीची ये-जा होते. वेग बहुतेकदा सेकंदाला काही दहा किंवा शंभर केबी इतकाच मिळतो. रात्रीत सिनेमा हवा असणाऱ्यासाठी हे जाळं नाही. दीडशे एमबीचं पुस्तक उद्यापर्यंत आलं तरी चालेल असं म्हणणाऱ्याला पुरतं. क्यूबिटटोरंटमध्ये ४.६ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, आयटूपीची प्रायोगिक सोय आहे. तिथे ‘मिक्स्ड मोड’ मात्र बंदच ठेवायचा, नाहीतर तोच क्लायंट साध्या आयपी पत्त्यांशीही बोलायला लागतो आणि सगळी मेहनत पाण्यात.

इतकं करूनही माणूस सापडू शकतो, आणि सापडण्याची वाट तांत्रिक कमी, व्यवहारी जास्त असते. समजा एक सीडर (पूर्ण फाइल ठेवून ती वाटत राहणारा) अनेक आठवडे अखंड चालू आहे. महावितरणने शुक्रवारी दुरुस्तीसाठी एका भागाची वीज दोन तास बंद ठेवली आणि नेमके तेवढेच दोन तास तो सीडर गायब झाला. एकदा घडलं तर योगायोग. वेगवेगळ्या तारखांना तीन वेळा घडलं की त्या फीडरवरची घरं सोडून बाकी साऱ्या जगावर काट मारता येते. यावर इलाज म्हणजे एकच फाइल तीन-चार गावांतून चालू असणं किंवा राउटर आणि संगणकाला मिळून इन्व्हर्टर.

पहिला सीडर तर नेहमीच उघडा. झुंडीत एकच पूर्ण प्रत आहे, म्हणजे ती कुणी आणली हे विचारावं लागत नाही. आणि फाइलच कधीकधी चुगली करते: पीडीएफच्या ‘ऑथर’ रकान्यात विंडोजवरचं खातेदाराचं नाव, फोनने काढलेल्या पानांच्या फोटोत अक्षांश-रेखांश, टोरंट फाइलीत बनवल्याची वेळ आणि सॉफ्टवेअर, पहिल्या पानावर वाचनालयाचा शिक्का आणि दाखल क्रमांक. शिक्का विसरणारे सर्वांत जास्त.

आता सर्वांत जड आक्षेप. अशा जाळ्यांत लहान मुलांवरच्या अत्याचाराची चित्रं फिरतात. फिरतात, हे खरं आहे, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ब त्यासाठी आहे व असायलाच हवं. पण असे गुन्हेगार पकडले जातात ते जाळ्याच्या टोकांवर. तपास अधिकारी जाळ्यात शिरतात, खरेदीदार बनून बोलतात, पैशाचा माग काढतात, जप्त केलेल्या यंत्रांवरून पुढची नावं मिळवतात. हे काम कष्टाचं आहे आणि त्याला प्रशिक्षित माणसं लागतात. त्याऐवजी प्रत्येक ग्राहकाची पाच वर्षांची नोंद साठवणं सोपं वाटतं, पण मुरलेला गुन्हेगार परदेशी सेवा बिटकॉइनने घेतो. देशातल्या नोंदवहीत उरतात क्लस्टरची कागदपत्रं वाटणारे. खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवताना सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये प्रमाणबद्धतेची कसोटी सांगितली होती: हेतू रास्त हवा आणि उपाय त्या हेतूच्या मापाचा हवा. संशय एकावर आणि नोंद सगळ्यांची, हे माप कुठल्या फूटपट्टीत बसतं?

साधन बनवणाऱ्यालाच धरण्याचा प्रयोगही होऊन गेलाय. जपानमध्ये इसामु कानेको यांनी २००२ मध्ये विन्नी हे निनावी वाटपाचं सॉफ्टवेअर काढलं. वापरणाऱ्यांनी केलेल्या कॉपीराइटभंगाला साहाय्य केलं म्हणून २००४ मध्ये त्यांना अटक, २००६ मध्ये १५ लाख येनचा दंड. २००९ मध्ये वरच्या कोर्टात ते सुटले, २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुटका कायम केली आणि २०१३ मध्ये ते वारले. त्याच विन्नीवर पसरलेल्या विषाणूने वापरणाऱ्यांचे फोल्डर परस्पर जगाला वाटले. पोलिसांची आणि संरक्षण दलाची कागदपत्रं बाहेर आली, आणि मार्च २००६ मध्ये शिंझो आबे यांना, तेव्हा ते मुख्य कॅबिनेट सचिव होते, लोकांनी विन्नी वापरू नये असं जाहीरपणे सांगावं लागलं. निनावी जाळ्याचे पुरस्कर्ते हा भाग सांगायचं टाळतात. टाळू नये. फक्त एकच फोल्डर वाटपाला लावणं आणि ऑफिसचं काम त्या संगणकावर न करणं हे आयटूपीइतकंच महत्त्वाचं आहे.

धोरणात बदल हवेत ते मोजके. सर्ट-इनने व्हीपीएनची सरसकट पाच वर्षांची अट काढून, न्यायालयाच्या आदेशाने विशिष्ट खात्याची नोंद पुढे जपायला लावावी. पोर्ट आणि वेळेचं क्षेत्र नसलेल्या चौकशीपत्राला उत्तर द्यायला इंटरनेट कंपन्या बांधील नसाव्यात. आणि क्लायंट बनवणाऱ्यांनी ‘नेटवर्क इंटरफेस’ची निवड पहिल्याच पडद्यावर विचारावी, आठ टॅब खाली दडवू नये.

वाचनालयांना मात्र कुणाच्या आदेशाची वाट पाहायची गरज नाही. हक्कमुक्त पुस्तकांचे स्कॅन आयटूपीवर ठेवायला रास्पबेरी पाय जातीचा, ४ जीबी मेमरीचा छोटा संगणक आणि एक बाह्य डिस्क पुरते. पाच वॉट धरले तर महिन्याला ३.६ युनिट वीज. इतरांची वाहतूक नेण्यासाठी सेकंदाला १२५ केबी ठेवले तर महिन्याला जाताना ३२४ जीबी आणि येताना तेवढेच, मिळून साडेसहाशेच्या आत. अनेक घरगुती फायबर प्लॅनची मर्यादा ३,३०० जीबी असते, त्यात हे आरामात बसतं. डिस्क लावताना तिला स्वतःचा वीजपुरवठा द्यावा. पायच्या यूएसबीवर चालवली तर ती अधूनमधून बंद पडते, आणि मग पुन्हा कुणीतरी वहीत तारखा मांडायला बसतो.